‘टेक’चं खोकं

“कुणाच्या तोंडून ऐकलंस?”

बेनाडीकर सरांचा हा आवाज अजून माझ्या कानात डुलासारखा लोंबतो. विचारताना ते मान वर करत नसत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, शिसपेन्सिल कानावर, आणि पुढ्यात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेल्या चिठ्ठ्यांची चळत.

“बाजारात, सर. गंगव्वा कोष्टीण नातीला म्हणाली, ‘ही भवानी अगदी बापावर गेलीय.’”

“इंग्रजीत?”

“टेक आफ्टर.”

“छान. बोलणार गंगव्वा, आणणार यमुना. टाक खोक्यात.”

मी चिठ्ठी लिहून बुटाच्या खोक्यात टाकली. खोक्यावर जाड अक्षरात ‘टेक’ लिहिलं होतं. बाकीच्या शब्दांना एकेक पाकीट पुरायचं, या एकट्याला अख्खं खोकं लागलं होतं. चहा घेणं टेक, फोटो काढणं टेक, आंघोळ करणं टेक. परीक्षेला बसायचं तर टेक, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं तर टेक, स्वयंपाकाला वेळ लागतो तोही टेकच.

“इंग्रज मोठा आळशी,” सर म्हणायचे. “एकाच गड्याकडून सगळ्या घराची कामं करून घेतो. आपल्याकडे दर कामाला वेगळा माणूस.”

सर गडहिंग्लजच्या शाळेतून इंग्रजीचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि खेड्यातल्या पोरांसाठी शब्दकोश करत होते. छापील कोशातली मराठी पोरांना इंग्रजीइतकीच परकी, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांचा नियम होता, की वाक्य मनानं रचायचं नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायचं आणि होतं तसं उचलायचं. चिठ्ठीवर खाली दोन ओळी, एक ‘बोलणार’ आणि एक ‘आणणार’. छापताना ज्याचं वाक्य त्याच्या नावाची अक्षरं आणि गाव खाली यायचं.

“नाव कशाला हो सर?” मी एकदा विचारलं होतं.

“दुसऱ्याच्या परड्यातलं फूल तोडून देवाला वाहायचं, तर निदान परडं कुणाचं ते देवाला सांगावं.”

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, इंग्रजी घेऊन मॅट्रिक झालेली. दुपारी जेवणं झाली की सरांच्या ओसरीवर जायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायची. आई कुणी विचारलं तर सांगायची, “जावई कांडल्याला बंदरात हाईत. खोली मिळाली की नेतील. तवर पोरीचं मन रमतंय.”

त्या दिवशी गंगव्वाची चिठ्ठी खोक्यात पडली आणि स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या, “माझं पण एक घ्या की. ‘घोटभर चहा घेता का?’ बोलणार मी, आणणार पण मीच.”

काकू म्हणजे सरांच्या पत्नी, शांताकाकू. लहानखुऱ्या, गोऱ्या, कपाळावर पावलीएवढं कुंकू. हसल्या की पदर तोंडाशी न्यायच्या.

“तुझं नको,” सर म्हणाले. मान खालीच. “घरातलं बोलणं मला ऐकू येत नाही. ते पाटाच्या पाण्यासारखं असतं, वाहतं नुसतं.”

मी खळखळून हसले. काकूही हसल्या. चहा मात्र त्यांनी जरा आपटूनच ठेवला.

*

चारच्या सुमाराला सर वामकुक्षीला आत जायचे. मग काकू मला मागच्या पडवीत हाक मारायच्या. तिथं लहानसं जातं होतं. गावात चक्की आली होती, पण मेतकूट आणि भाजणी काकू जात्यावरच दळायच्या. एका बाजूला त्या बसायच्या, दुसऱ्या बाजूला मी. खुंट्यावर चार हात, आणि हात फिरू लागले की काकूंचा गळा मोकळा व्हायचा.

काकूंच्या माहेरी एक रीत होती. जात्यावर बाईनं ओवीत काहीही सांगावं, सासूला शिव्या द्याव्या, देवाला जाब विचारावा. जी ऐकेल तिनं ओवीनंच उत्तर द्यायचं, आणि पीठ भरून उठलं की तो विषय काढायचा नाही. पुरुषाजवळ तर नाहीच नाही. “आमच्या आईनं मला न्हाण आल्यावर पहिली हीच गोष्ट शिकवली,” असं त्या सांगायच्या.

मला वर्षभर ओवी फुटली नाही. मी नुसती खुंटा ओढायची. श्रावणातल्या एका दुपारी उन्हाचा एक पट्टा जात्यावर पडला होता, उडीद-डाळीचा भाजका वास सुटला होता, आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून आलं,

*दिवाळीची गं पणती, तेल सरून विझली*
*न्याया येतो म्हणणाऱ्यांनी वाट माझी पुसली*

जातं थांबलं नाही. काकूंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगत गेले. कांडला नाही, बंदर नाही, खोली नाही. मालक मिरजेलाच आहेत, आणि घरात दुसरी आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्या दिवाळीला मला आणून सोडलं, पाडवा झाला की न्यायला येतो म्हणाले. माझा मामा दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा त्याला अंगणातूनच परत धाडलं. “सासरच्यांनी मला परत नेलंच नाही, काकू. मी अजून ट्रंक उघडलेली नाही.”

धाकटी वच्छी लग्नाची होती. थोरलीला टाकलंय हे कळलं तर धाकटीला कोण पुसणार, म्हणून आईनं कांडला रचलं होतं आणि मी ते तीन वर्षं अंगावर वागवत होते. ही गोष्ट चार भिंतींबाहेर पहिल्यांदाच गेली.

काकूंचे डोळे भरून आले होते. खुंट्यावरच्या माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला आणि सावकाश म्हटलं,

*तुझं गं दुःख बाई, गाठ पदरी मारिते*
*जात्याच्या गं पाळीखाली दोघींचं मी पुरिते*

घरी जाताना मला वाटलं, चालतेय की तरंगतेय. त्या रात्री मी ट्रंक उघडली. आतल्या साड्यांना कसर लागली होती, तरी बरं वाटलं.

*

दिवाळीनंतर सरांनी ठरवलं, की नमुन्यादाखल एकट्या ‘टेक’ची सोळा पानी पुस्तिका काढायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाटायची, लोकांना कोश कसा होणार ते दिसेल. मुखपृष्ठावर दोन नावं येणार होती, सरांचं आणि माझं. ते कच्चं पान मी तीनदा हातात घेऊन पाहिलं. ‘सौ.’ लावायचं का, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, नुसतं यमुना शिंत्रे पुरे. शिंत्रे माझं माहेरचं. सरांनी काही विचारलं नाही.

सगळे अर्थ भरले, एक राहिला. ‘टेक बॅक’. दिलेली वस्तू परत घेणं, याला वाक्य होतं. बोललेला शब्द मागे घेणं, यालाही होतं. पण गेलेलं माणूस पुन्हा आपल्या घरात घेणं, या अर्थाला वाक्य मिळेना.

“एवढ्या मोठ्या गावात कुणीच कुणाला परत घेतलं नाही, की कुणी बोललंच नाही?” सर येरझाऱ्या घालत म्हणाले. “वाक्य नाही तर अर्थ गाळायचा. पण गाळवत नाही गं. काढलेल्या दाताच्या खळीत जावी तशी जीभ तिथंच जाते.”

मी मान खाली घालून चिठ्ठ्या लावत राहिले. वाक्य माझ्या तोंडात होतं. गिळलं.

त्याच आठवड्यात वच्छीला नेसरीचं स्थळ आलं. मुलगा ग्रामसेवक, माणसं साधी. मुलाचे चुलते आमच्या गावातच शाळेत मास्तर होते, त्यांनीच जुळवून आणलं होतं. बोलणी करायला आई, मी आणि वच्छी आठ दिवस नेसरीला मावशीकडे गेलो. बोलणी ठरली. मुलाच्या आईनं मला विचारलं, “जावई येतील न्हवं लग्नाला?” आई म्हणाली, “रजा मिळाली तर येतील की.” वच्छीनं माझा हात दाबला. तिच्या हाताला घाम सुटला होता.

*

आम्ही परत आलो त्या दिवशी संमेलन उरकलं होतं. एस.टी.तून उतरले तर स्टँडवरच एक पोरगा पुस्तिकेचा पंखा करून वारा घेत होता. मी ती मागून घेतली. मुखपृष्ठावर माझं नाव पाहिलं आणि अंगावर मोरपीस फिरल्यासारखं झालं. आईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वच्छी वाचत वाचत पुढं चालली होती. ती मध्येच थांबली.

“अक्का,” ती म्हणाली, “हे काय गं?”

अकराव्या पानावर, ‘टेक बॅक’ खाली, तिसरा अर्थ. *सासरच्यांनी मला परत नेलंच नाही.* आणि त्याखाली बारीक टाइपात, *य. शिं., गडहिंग्लज.*

मी ते पान एवढं घट्ट धरलं, की फाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुलते मास्तर आमच्या दारात आले. वाईट बोलले नाहीत. उलट बोलताना त्यांनाच संकोच होत होता. टोपी हातात घेऊन उभे राहिले, बसले नाहीत.

“वहिनी, आमची काय तक्रार नाही. पण थोरलीचं आधी खरं काय ते सांगायला हवं होतं. आता भावाला मी कोणत्या तोंडानं सांगू?”

ते गेल्यावर आईनं दार लावलं. वच्छी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

“कुणाला बोललीस?”

“कुणाला नाही.”

“मग त्या मास्तराला सपान पडलं व्हय?”

काकूंचं नाव माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण लगेच तो हातावरचा हात आठवला, ती ओवी आठवली. ज्या बाईनं पाळीखाली पुरलं ती उकरून काढेल? मग मला उन्हाचा तो पट्टा आठवला, आणि पडवीच्या वर, सरांच्या झोपायच्या खोलीची खिडकी. सर झोपले नव्हते. सरांनी ऐकलं होतं. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

*

दोन दिवसांनी मी भर दुपारी गेले. सर ओसरीवर होते, पुढ्यात खोकं. मला पाहून चेहरा उजळला.

“आलीस? पाहिलंस का? अगं, हेडमास्तरांनी व्यासपीठावरून...”

मी पुस्तिका त्यांच्यापुढे टाकली, अकरावं पान वर करून.

“कुणाच्या तोंडून ऐकलंत, सर?”

ते पाहत राहिले. पानाकडे, मग माझ्याकडे. काही कळेना असा चेहरा.

“यमुना, हे तर तुझंच...”

“माझंच. माझ्या मालकीचं एवढंच होतं. वच्छीचं लग्न मोडलंय, सर. आई दोन दिवस जेवली नाही. चोरून ऐकायचं, आणि वर नाव घालून मानही द्यायचा?”

आत स्वयंपाकघरात बांगड्या वाजत होत्या, काहीतरी निवडणं चाललं होतं. त्या बांगड्या थांबल्या.

सरांनी मान वळवली. दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला तेव्हा वाटलं, माझी नजर चुकवतायत. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू उतरत गेलं, ऊन ओसरीवरून उतरतं तसं. मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला.

“चिठ्ठी माझ्या खोक्यात होती,” ते म्हणाले. “जबाबदारी माझी.”

“एवढंच?”

“एवढंच बोलता येईल मला.”

“तुम्ही म्हणायचा, परडं कुणाचं ते सांगावं. फूल द्यायचं की नाही हे परड्याला विचारावं, असं कधी वाटलं नाही तुम्हाला?”

मी माझी पेन्सिल, माझी पट्टी उचलली. पायरी उतरले तशा काकू मागच्या दारानं धावत आल्या, फाटकाशी मला गाठलं, छातीशी धरलं. त्या हुंदके देत होत्या.

“मनाला लावून घेऊ नकोस गं पोरी. मनाला लावून घेऊ नकोस.”

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. या घरात माझं म्हणावं असं एवढंच माणूस उरलं, असं मला वाटलं.

*

वच्छीचं लग्न झालं, दोन वर्षांनी, खरं सांगून. पुढं मी डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत लागले, माझं मी उभं केलं. सरांशी मात्र बावीस वर्षं एक अक्षर बोलले नाही. काकूंकडे जायची. संक्रांतीला, चैत्रात हळदीकुंकवाला, त्यांचं गुडघ्याचं दुखणं निघालं तेव्हा रोज. मी आले की सर ओसरीवरून उठून मागच्या खोलीत जायचे. कधी रस्त्यात समोर आले तर बाजूला होऊन उभे राहायचे, जणू मी कुणी मोठी बाई आहे. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. शब्दकोश झालाच नाही. कुणी विचारलं तर सर म्हणायचे, सहकारी मिळाला नाही.

जाताना त्यांनी मला निरोप धाडला होता. मी गेले नाही.

सर जाऊन महिना झाला, तेव्हा काकूंनी बोलावलं. पडवीत बसल्या होत्या, त्या जात्याशेजारी. जात्यावर आता तुळशीची कुंडी होती. मांडीवर खोकं. त्यावरची ‘टेक’ची अक्षरं फिकी पडून गव्हाच्या रंगाची झाली होती.

“हे तुला द्यायचं म्हणाले होते,” काकू म्हणाल्या. “मी महिनाभर ठेवून घेतलं. हात होईना.”

मी खोकं उघडलं. गंगव्वाची चिठ्ठी होती, फोटोवाल्याची होती, माझंच ते कोवळं, तिरपं अक्षर. तळाशी एक वेगळी पाकिटात घातलेली. सरांचं अक्षर. *सासरच्यांनी मला परत नेलंच नाही.* बोलणार, यमुना शिंत्रे. आणि आणणार...

त्या ओळीवर शाई फिरवली होती. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, कागद फाटेपर्यंत. खोक्यातल्या एकाही चिठ्ठीवर सरांनी कधी खाडाखोड केली नव्हती. चुकलं तर नवी लिहायचे. आणि स्वतः ऐकलेलं वाक्य असलं की ‘आणणार’ची ओळ ते कोरी ठेवायचे.

ओसरीवरची ती दुपार आठवली. थांबलेल्या बांगड्या. दाराकडे वळलेली ती मान.

काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या. कुंडीतल्या तुळशीची वाळकी पानं खुडत होत्या, एकेक.

मी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. आवाज माझाच होता, पण प्रश्न सरांचा.

“काकू, हे सरांनी कुणाच्या तोंडून ऐकलं?”

खुडणारी बोटं थांबली.

“तीन दिवस धड जेवले नव्हते त्या एका वाक्यापायी,” काकू म्हणाल्या. “मी वाढत होते. आमटी वाढता वाढता म्हटलं मी ते. त्यांचा घास हातातच राहिला. मान वर केली त्यांनी, यमुना. एकतीस वर्षं संसार केला, माझं बोलणं ऐकून मान वर करणं ते पहिलंच. म्हणाले, वा, कुणाच्या तोंडून ऐकलंस? मला कधी विचारलं नव्हतं गं ते. तुझं नाव सांगितलं मी. तर म्हणाले, छापायचं कसं, तिला चालेल का, ती आली की विचारू आधी.”

त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“मी म्हटलं, विचारायचं काय त्यात. तिनंच सांगितलंय, घाला म्हणून.”